जाऊबाईंना काहीही न ठेवण्याबाबत

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: श्रीमती मंगल गेनू दसवडकर, वय सत्तावन्न, धंदा शिवणकाम व शेती, राहणार विंझर, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे. तालुक्याचे नाव सरकारने आता बदलले आहे. माझ्या जन्मभराच्या कागदांवर वेल्हे आहे, म्हणून इथेही वेल्हेच लिहिते.

कारणे लिहून ठेवते की, येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हसत म्हणाले, "काही काळजी करू नका, मावशी." हसून असं सांगणाऱ्या माणसाचीच मला जास्त भीती वाटते. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारं माणूस या घरात अजून जन्माला यायचं आहे. मी शुद्धीत आहे आणि रागातही आहे. रागात लिहिलेलं चालतं का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, शुद्ध असली म्हणजे झालं.

भोरच्या वकिलांनी दोन पानी मसुदा करून दिला होता. तो वाचला आणि बाजूला ठेवला. त्यात सगळं होतं, मी कुठे नव्हते. म्हणून हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझं माहेर भोंगवली. वडील ग्रामपंचायतीत सदस्य होते आणि त्यांची निवेदनं मी चौथीत असल्यापासून लिहीत होते. भोरला राहून दहावी केली. अर्ज लिहिण्यात विंझरमध्ये माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे माझे शत्रूही कबूल करतात. शत्रू तशी एकच आहे. तिचं नाव पुढे येईल.

कलम १. विंझर येथील घराचा माझ्या वाटणीचा अर्धा भाग, पैकी मागच्या दोन खोल्या व पडवी, माझे मुलगे कुमार व स्वरूप यांना समान. दोघांनी भांडू नये. भांडायचंच असेल तर माझ्या तेराव्यानंतर भांडावं. मधल्या भिंतीलगतची पुढची खोली यात धरलेली नाही, तिचं कलम सातमध्ये लिहिलं आहे. भिंतीपलीकडचा अर्धा भाग थोरल्या जाऊबाई फुलाबाई यांचा आहे. ती भिंत २००२ साली माझ्या हट्टाने घातली. आमचे हे नको म्हणत होते, दीर नको म्हणत होते. फुलाबाई गवंड्याला चहा देत होत्या.

कलम २. ओढ्याकाठची दोन भातखाचरे कुमार व स्वरूप यांनी एकत्र कसावी, विकू नयेत. बांधावरचे आंब्याचे झाड दोघांचे. मात्र दरवर्षी त्या झाडाची पहिली पाटी खालच्या आळीतल्या कै. कोंडिबांच्या घरी पोहोचवावी. मुलं म्हणतील, आईने ज्या माणसाला जन्मभर शिव्या दिल्या त्याच्या घरी आंबे का? कलम सहा वाचावं आणि पाटी न्यावी.

कलम ३. पोस्टात व बँकेत जे असेल ते, ऑपरेशनातून उरले तर, दोन्ही सुनांना. त्यांनी मला नऊ वर्षे सहन केलं आहे.

कलम ४. माझ्या थोरल्या जाऊबाई श्रीमती फुलाबाई दसवडकर यांना मी काहीही ठेवत नाही. वाटी नाही, लुगडं नाही, दोऱ्याचं रीळसुद्धा नाही.

वकिलांनी सांगितलं की ज्याला काही ठेवायचं आहे त्याला साक्षीदार करू नये, पुढे कटकट होते. हे ऐकल्याबरोबर मी साक्षीदार क्रमांक एक म्हणून फुलाबाईंचं नाव घातलं. आता उद्या कुणी विचारलं की सख्ख्या जावेला साधं पातळ का ठेवलं नाहीस, तर उत्तर तयार आहे. कायद्याची अडचण.

दुसरंही एक कारण आहे. सही घेण्याआधी हा कागद मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. म्हणजे त्यांना तो ऐकावा लागेल. समोर बसून सांगायची हिंमत मला चोवीस वर्षांत झाली नाही. वाचून दाखवायची होईल असं वाटतं, कारण वाचताना खाली बघता येतं.

फुलाबाई राजकारणात कशा गेल्या ते आधी लिहिते. २००२ साली पंचायत समितीची निवडणूक लागली आणि आमचा गण महिलांसाठी राखीव निघाला. सगळ्या गावाने माझं नाव घेतलं. शाळेला वर्गखोली मिळावी म्हणून अर्ज मी लिहिला होता. वाडीच्या रस्त्याचा अर्ज मी लिहिला होता. तहसीलदारांपुढे न चाचरता बोलणारी बाई विंझरमध्ये एकच होती. फुलाबाई चौथी पास. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. त्यांचा अर्ज भरला तो डमी म्हणून. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर घरातला दुसरा अर्ज उभा असावा म्हणून भरून ठेवतात, त्याला डमी म्हणतात. छाननीत मुख्य अर्ज पास झाला की डमीने आपला अर्ज मागे घ्यायचा, चहा प्यायचा आणि घरी जायचं. एवढंच तिचं काम.

माझा अर्ज बाद झाला. कसा झाला ते कलम सहामध्ये. डमी उभी राहिली आणि निवडून आली.

पहिल्या सभेत काय बोलायचं ते दिरांनी मलाच लिहून द्यायला सांगितलं. "घराण्याची अब्रू हाय," म्हणाले. मी चार पानं लिहिली. फुलाबाईंनी ती तीन दिवस घोकली. आणि सभेत उभ्या राहून त्यातलं एक अक्षर न बोलता म्हणाल्या, "आमच्या वाडीत नळाला पानी न्हाई. ते आदी द्या, मग बाकीचं बोलू." दोन महिन्यांत पाणी आलं. माझ्या भाषणात पाणी तिसऱ्या पानावर होतं.

त्या सभेला त्या जो ब्लाऊज घालून गेल्या तो मी शिवला होता. डावी बाही मी मुद्दाम अर्धा इंच कमी केली. पुढे सभापतीपदाची निवड हात वर करून झाली, तेव्हाही त्यांनी तोच ब्लाऊज घातला होता. त्या डावखुऱ्या आहेत. बाही काखेत काचली असेल, पण हात वर गेलाच आणि त्या सभापती झाल्या. सरकारी जीप दारात यायला लागली. जीपचा हॉर्न वाजला की माझ्या मशीनचा धागा तुटायचा. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही, मन्सूरभाईंना विचारा, त्या वर्षी त्यांनी माझं मशीन पाच वेळा उघडलं आणि त्यांना दोष सापडला नाही.

२००७ साली जिल्हा परिषद. आता पुण्याला सभा. मग एकदा आमदारकीच्या तिकिटासाठी त्यांचं नाव चाललं. वर्तमानपत्रात फोटो आला, डोक्यावर पदर, हात जोडलेले. मी चार दिवस धड जेवले नाही. तिकीट दुसऱ्याला गेल्याचं कळलं त्या दिवशी मी भरपूर तूप ओतून शिरा केला. भिंतीपलीकडून फुलाबाईंकडची पोर रत्ना वासावर आली आणि दोन वाट्या शिरा खाऊन गेली. "काकी, आज काय सण हाय?" म्हणाली. मी म्हटलं, "सण कशाला पायजे? खा गुमान."

२०१२ साली फुलाबाई एकशे सात मतांनी पडल्या. गावाला वाटतं माझं मत विरोधात गेलं. ते खोटं आहे. मी दर वेळी मत त्यांनाच दिलं आहे. केंद्रात आत जाताना ठरवून जायची की आज नाही द्यायचं. आत गेलं की वाटायचं, आमच्या घरातली बाई पडली तर लोक हसतील, आणि हसायचा हक्क फक्त माझा आहे. हे माझ्या हयातीत कुणाला सांगू नये.

२०१७ला त्या परत निवडून आल्या. आता गुडघे गेले म्हणून थांबल्या आहेत. रस्ता, नळ, दवाखान्याची भिंत, सगळीकडे पाटीवर त्यांचं नाव आहे. रस्त्याकडेला एसटीची शेड आहे, तिच्यावर लाल अक्षरात लिहिलंय: सौ. फुलाबाई दसवडकर यांच्या प्रयत्नातून. त्या शेडचा पहिला अर्ज माझ्या अक्षरातला आहे. शेड झाल्यापासून मी तिच्याखाली एकदाही उभी राहिलेले नाही. एसटीची वाट बघायची तर समोर उन्हात. दोनदा भोवळ आली, डॉक्टर म्हणतात तेव्हाच हृदय तपासायला हवं होतं.

म्हणून सूचना: माझी तिरडी स्मशानात नेताना विसाव्यासाठी त्या शेडपाशी टेकवू नये. पुढे वडाखाली टेकवावी. खांदेकऱ्यांना थोडं जास्त चालावं लागेल, चालावं.

कलम ५. पुढील किरकोळ वस्तू.

बाद झालेला उमेदवारी अर्ज, त्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा शेरा व शिक्का आहे, लोखंडी पेटीत तळाशी. तो माझ्याबरोबर जाळावा.

आधीच छापून आणलेली पाचशे पत्रकं, वर माझा फोटो आणि खाली 'सुशिक्षित, निर्भीड, तुमची हक्काची'. त्यांतली बरीच मी फडताळात डब्यांखाली अंथरली. उरलेली सुनांनी अंथरावी. कागद चांगला आहे.

छाननीच्या दिवशी नेसलेलं हिरवं काठाचं पातळ. परत कधी नेसले नाही. ते रत्नाला नको. अंबूबाई चाळीस वर्षं माझ्या हातचे ब्लाऊज घालते आहे आणि त्या पातळावर तिचा डोळा आहे, तिला द्यावं.

कलम ६. हे कलम मी तीनदा लिहून फाडलं आहे. हे चौथं.

बारा सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर त्या माणसाला निवडणूक लढवता येत नाही. हा नियम आम्हाला माहीत होता. कुमार आणि स्वरूप शाळेत जात होते. मी गरोदर होते तेव्हा निवडणुकीचं डोक्यातही नव्हतं. रत्ना नऊ नोव्हेंबरला भोंगवलीत घरी झाली आणि आमचा गण महिलेला सुटल्याचं कळलं तेव्हा ती पाळण्यात होती. आमच्या घरातल्या शहाण्या पुरुषांनी युक्ती काढली. पोरीची नोंद अजून झालेली नाही. फुलाबाईंना मूल नाही. छाननीला पोर फुलाबाईंच्या मांडीवर असू द्यायची आणि कुणी हरकत घेतली तर फुलाबाईंनी म्हणायचं, माझी आहे. बारशाला नावही त्यांनीच ठेवलं होतं. मी कबूल झाले. खोटं बोलायला मी कबूल झाले, हे आधी लिहिते.

वेल्ह्याला तहसील कचेरीतल्या खोलीत आम्ही चौघंच होतो. साहेब, मी, मांडीवर रत्नाला घेतलेल्या फुलाबाई आणि विरोधी गटाकडून हरकत घेणारे कोंडिबा. आमचे हे आणि दीर बाहेर झाडाखाली. कोंडिबा म्हणाले, "सायेब, या बाईला तिसरं मूल हाय. ते बगा, हितंच हाय."

साहेबांनी फुलाबाईंना विचारलं, "मूल कुणाचं, बाई?"

आतल्या खोलीत बसणारी ही बाई. मला वाटलं आता हिची बोबडी वळणार. पण फुलाबाईंनी खाली पोरीकडे बघितलं. पोरीने त्यांचं बोट मुठीत धरलेलं होतं. आणि त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "माजी हाय, सायेब. माजीच हाय."

साहेबांनी कोंडिबांना विचारलं, पुरावा आहे का? पुरावा नव्हता. साहेबांनी पेन उचललं. माझा अर्ज पास होत होता. अजून एका सहीने माझं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं.

पण मी साहेबांच्या पेनाकडे बघत नव्हते. मी फुलाबाईंच्या तोंडाकडे बघत होते. सतरा वर्षांच्या संसारात 'माझी' म्हणायला त्यांना काही मिळालं नव्हतं. ते त्या दिवशी मिळालं, आणि तोंडावर असं काही आलं की ते खोटं नव्हतंच. ती बाई खोटं बोलतच नव्हती. आणि माझी पोर तिच्याकडे बघून हसली. अडीच महिन्यांची पोर, माझ्याकडे अजून एकदाही हसलेली नव्हती.

माझ्या अंगाची आग झाली. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "खोटं हाय, सायेब. पोरगी माजी हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं आणि दुसरा शेरा लिहिला.

खोलीबाहेर आल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "जाऊबाईंची जीभ चाचरली." फुलाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोरीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं. त्या दिवसापासून आजपर्यंत सगळं गाव, माझी मुलं, खुद्द रत्ना हेच समजते की फुलाबाई ऐनवेळी घाबरल्या आणि माझं वाटोळं झालं. काही जण तर म्हणतात की त्यांनी मुद्दाम केलं, खुर्चीसाठी. मी त्यांना कधी नाही म्हटलं नाही. कोंडिबा खरं सांगत हिंडले की बाईने स्वतःच कबूल केलं. मी त्यांना पाणवठ्यावर उभं राहून खोटारडा म्हटलं. विरोधी गटाचा माणूस, त्याच्यावर आमच्या आळीत कोण विश्वास ठेवणार? ते खोटारडे म्हणवून घेतच गेले. आंब्याची पाटी त्यासाठी.

गावात मला चोवीस वर्षं पहिला चहा मिळाला आहे तो अन्याय झालेली बाई म्हणून. हे लिहिलं की तोही जाणार. जाऊ दे. डॉक्टरांनी चहा बंदच केलाय.

निकाल लागला. गुलाल उधळला. नवव्या दिवशी मी रत्नाला दुपट्यासकट उचललं, फुलाबाईंच्या चुलीपुढे नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "घ्या. माजी हाय म्हनला हुता ना? आता ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. हिच्यापायी माजी खुर्ची गेली." अशी मी माझी पोरगी जावेला दिली. पुढच्या महिन्यात भिंत घातली. भिंतीपलीकडून पोर रडायची, त्या बोंडल्याने दूध पाजायच्या, आणि अलीकडे माझा पदर भिजायचा. भिंत हातभर रुंद. मी उठून गेले नाही. एकदा उठले होते, दारापर्यंत. तेवढ्यात पोर शांत झाली, फुलाबाई काहीतरी गुणगुणत होत्या. मग कशाला जायचं?

त्यानंतर वर्षभराने हळदीकुंकवाला, बायकांच्या घोळक्यात, फुलाबाईंच्या तोंडावर मी म्हणाले की माझी भरली ओटी मला नडली आणि कुणाची रिकामी ओटी कुणाला फळली. फुलाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं आणि वाण दिलं. स्टीलचा पेला होता. तो मी ओढ्यात टाकला.

सगळे समजतात मी खुर्चीवरून जळते. जळत होते, सभापतीच्या खुर्चीवरून, जीपवरून, पाटीवरच्या नावावरून, सगळ्यावरून. पण खुर्चीची पाच वर्षं होतात आणि ती उठते. रत्ना फुलाबाईंना 'आई' म्हणते ते रोज ऐकायला येतं. मला काकी म्हणते. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव मंगल आहे, ते तिने वाचलेलं आहे. मोठी झाल्यावर एकदाच विचारलं होतं, "काकी, माज्यामुळं तुमी निवडणूक हरला म्हनून मला तिकडं दिली का?" मी म्हटलं, "व्हय." एवढंच म्हटलं.

ते अर्धंच खरं होतं. रत्ना, तुझ्यामुळे मी अर्ज घालवला हे बरोबर आहे. पण साहेबांपुढे मला खुर्ची आणि तू दोन्ही मिळत होतं आणि तुला दुसरीने 'माझी' म्हटलेलं मला ऐकवलं नाही. एकदा तुझ्यासाठी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि नंतर तेच तुझ्यावर उगवलं. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. वकिलांना विचारलेलं नाही.

कलम ७. माझी मुलगी रत्ना गेनू दसवडकर हिला पुढीलप्रमाणे.

(अ) शिलाई मशीन, कात्री, टेप व डब्यातली सगळी बटणे.

(आ) मापांची वही, लाल पुठ्ठ्याची. तिचे सगळे कपडे मी शिवले. कापड फुलाबाई आणायच्या, भिंतीला वळसा घालून रत्ना माप द्यायला यायची. छाती, कंबर, बाही, उंची, दर दिवाळीला, वयाच्या पहिल्या वर्षापासून. टेप लावायच्या निमित्ताने तेवढं तिला जवळ घेता यायचं. मी मापं दोन-दोनदा घ्यायची. ती म्हणायची, "काकी, आत्ताच तर घेतलं." मी म्हणायची, "हलत हुतीस."

(इ) भिंतीलगतची पुढची खोली. भिंतीत दार पाडायचं की नाही हे रत्नाने ठरवावं. मुलांनी त्यात बोलू नये.

येत्या निवडणुकीत रत्ना त्याच गणातून उभी राहणार आहे. तिला डमी लागेल. मला वाटलं होतं की म्हणावं, मी भरते डमी. पण मला तिसरं मूल आहे ना. रत्नामुळे मला रत्नाचीसुद्धा डमी होता येत नाही. कायद्याला एवढी अक्कल कुठून आली कोण जाणे. तिचं पहिलं भाषण कुणी लिहून देऊ नये. पाणी पहिल्या वाक्यात असावं.

कलम ८. हा कागद माझ्या मृत्यूनंतर उघडावा. तोपर्यंत फुलाबाईंनी व दुसरे साक्षीदार मन्सूरभाई यांनी कुठे बोलू नये.

येथे मृत्युपत्र पुरे झाले. पुढचा मजकूर आजच, साक्षीदारांना वाचून दाखवल्यानंतर, माझ्याच हाताने.

वाचताना मी ठरवल्याप्रमाणे खालीच बघितलं. बाहीचं आलं तेव्हा फुलाबाई म्हणाल्या, "डावीच ना? मला वाटलं म्याच जाड झाले." मन्सूरभाई मशीनचा पट्टा बदलायला भोरहून आले होते, त्यांना मीच बसवून घेतलं होतं, त्यांनी पाणी मागितलं. कलम आठ वाचलं आणि पेन फुलाबाईंच्या पुढे केलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. म्हणाल्या, "हे मेल्यावर उगडायचं?"

"व्हय."

"मग म्या सही न्हाई करायची."

मी म्हटलं, "जाऊबाई, तुमच्या सहीबिगर कागद अर्धवट ऱ्हातो. सोमवारी माजं ऑपरेशन हाय."

"म्हनूनच. चोवीस वर्सं म्या गप ऱ्हायले, ती तुज्या मरनाची वाट बगत न्हाई. पोरगी बाहीर वसरीवर बसली हाय. तिला आत बोलीव आन हेच वाच. मग करती सही. आन आजून एक. त्यात लिवलंय, पोरगी जावेला दिली. ते खोड."

"खोडू कशाला? दिलीच की म्या."

"दिली न्हाईस. सांबाळायला ठिवलीस. दिली आसतीस तर मापं घेत बसली नसतीस."

मन्सूरभाई खिडकीबाहेर बघायला लागले. मी कलम सहामधलं 'दिली' खोडलं, वर 'सांभाळायला ठेवली' लिहिलं आणि शेजारी सही केली. कलम आठ पूर्ण खोडलं. फुलाबाईंनी विचारलं, "आन शेडचं?" मी म्हटलं, "शेडचं तसंच ऱ्हानार." त्या म्हणाल्या, "बरं. उन्हात जा."

मग मी हाक मारली. रत्ना तिच्या अर्जाचे कागद हातात घेऊनच आत आली. "काय, काकी?" मी तिला खाली बसवलं आणि कलम सहा पहिल्यापासून वाचलं. या वेळी वर बघून वाचलं. मध्ये दोनदा थांबले, दम लागला होता. ती रडली नाही. ती फुलाबाईंसारखी आहे, तोंडावर दाखवत नाही. तिने माझ्या हातातून कागद घेतला, सगळा परत स्वतः वाचला, मापांच्या वहीपाशी बराच वेळ थांबली.

वकिलांनी सांगितलं होतं की शेवटी ओळख पटवणाऱ्याची सही असावी. तिथे 'नाते' म्हणून एक रकाना मी मोकळा सोडला होता, कुणाकडून भरून घ्यायचा ते ठरत नव्हतं. रत्नाने न विचारता पेन उचललं आणि तो भरला.

तिने जे लिहिलं त्यातला दुसरा शब्द मला आवडलेला नाही. पटण्यासारखाही नाही, वयाने असले तरी. तरीपण मी बजावून ठेवते की या कागदावर कुठेही खाडाखोड करायची झाली तरी त्या शब्दाला कुणी हात लावू नये.

लिहून ठेवणार: मंगल गेनू दसवडकर (सही)

साक्षीदार क्र. १: फुलाबाई दसवडकर, राहणार विंझर (सही, डाव्या हाताने)

साक्षीदार क्र. २: मन्सूर शेख, शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार भोर (सही)

ठिकाण: विंझर, तालुका वेल्हे
दिनांक: १८ डिसेंबर २०२५

ओळख पटवणार: लिहून ठेवणार यांना मी समक्ष ओळखते. रत्ना गेनू दसवडकर (सही)

लिहून ठेवणार यांच्याशी नाते: आई, धाकटी